दौंडच्या फलाटावरची मार्थाबाई

माझ्या ओळखीची विद्वान माणसं इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास करायला बोटीने लंडनला जातात आणि परत आल्यावर वर्षभर बिनदुधाचा चहा पितात. मी अमेरिकन वाङ्मयाच्या अभ्यासासाठी एस.टी.ने शिरूरला जाऊन आलो. शिरूरचा चहा दुधाचाच असतो, त्यामुळे माझ्यात झालेला फरक अजून कुणाच्या लक्षात आलेला नाही.

माझा धंदा गोष्टी सांगण्याचा. गणपतीच्या दिवसांत मांडवांतून, एरवी वाचनालयांतून मी तासतासभर उभा राहून सात माणसांचे आवाज काढतो. उरलेल्या महिन्यांत भाषांतरं करतो. गेल्या दिवाळीत एका प्रकाशकाने एक जाडजूड अमेरिकन कादंबरी माझ्या हातात ठेवली. लेखिका हॅरिएट पेल्टन. वेष्टनावर बाईंचा फोटो होता: कापलेले पांढरे केस, पायांशी दोन कुत्री, मागे तळं. फोटोखाली चरित्र होतं आणि त्याची पहिली ओळ वाचून मी खुर्चीतून उठलो. ‘जन्म: शिरूर, हिंदुस्थान.’

म्हणजे आमच्या घोडनदीकाठच्या शिरूरला! बाईंचे वडील तिथे मिशनचे डॉक्टर होते. सातव्या वर्षी मुलीला दक्षिणेतल्या डोंगरावरच्या गोऱ्या मुलांच्या शाळेत धाडलं आणि तिथून पुढे अमेरिकेत आत्याकडे. मोठेपणी बाई एका लहान गावात मास्तरीण झाल्या. पहाटे उठून लिहायच्या. पहिल्या तीन कादंबऱ्या अमेरिकेतल्या त्या गावाबद्दल होत्या आणि त्या गावानेही वाचल्या नाहीत. पन्नाशीला आल्यावर त्यांनी शिरूरबद्दल लिहिलं, आणि एका हिवाळ्यात अख्ख्या अमेरिकेला त्यांचं नाव ठाऊक झालं.

कादंबरी चांगली आहे. आपल्याकडच्या धुळीचा वास तिला आहे. पण बंगल्यामागच्या एका झाडाचं वर्णन दोन पानं चाललं होतं आणि झाड कुठलं ते कळेना. मला कुंपणापलीकडचं झाड ओळखता येत नाही, अमेरिकेतलं कुठून येणार? शिवाय नाताळ नुकताच झालेला, थंडी पडलेली, आणि बायको गेल्यापासून सुट्टीचे दिवस मला घरात काढवत नाहीत. निघालो.

शिरूर, शुक्रवार

शिक्रापूरला तळेगाव ढमढेऱ्याच्या एक बाई वांग्यांची पाटी घेऊन चढल्या आणि ती त्यांनी माझ्या पावलांवर ठेवली. मी पाय काढू लागलो तर म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या, आता कुठं हलवता?” शिरूर येईपर्यंत मी त्या पाटीचा पाया होतो. उतरताना त्यांनी दोन वांगी माझ्या हातात कोंबली. पुढचे चार दिवस ती माझ्या पिशवीत होती.

मिशनचा बंगला गावाच्या कडेला आहे. मोठा व्हरांडा, वर मंगलोरी कौलं. साहेब लोक गेले; आता तिथे गावातल्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणजे पाद्री, राहतात. पण वाटाड्या म्हणून मला लाभले ते मिशनशाळेतून निवृत्त झालेले दानियल मास्तर. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, एका डोळ्यात मोतीबिंदू आणि आवाज असा, की त्यांनी ‘या’ म्हटलं तरी हजेरी घेतल्यासारखं वाटावं.

झाडाचा प्रश्न त्यांनी एका मिनिटात सोडवला. काटेसावर. आता नुसतं काट्यांचं उभं होतं, पण मास्तर म्हणाले, माघात फुललं की पेटल्यासारखं दिसतं. मी खूश झालो. माझं काम संपलं होतं आणि संध्याकाळच्या गाडीने मी परत जाऊ शकलो असतो.

पण कादंबरीत झाडाखाली एक बाई बसलेली असते. मुलीची आया, मार्था. पहिली शंभर पानं मुलगी तिच्याच मांडीवर आहे, तिच्याच बोलीत बोलते, तिच्याच ताटातली भाकरी खाते. मग चौथ्या प्रकरणात शाळेला जायचा दिवस येतो. दौंडच्या फलाटावर मुलगी आयाच्या मांडीवर झोपते. जागी होते तेव्हा आया नाही. आणि मुलीची चांदीची वाटीही नाही. त्यानंतर मार्था कादंबरीत पुन्हा कधी येत नाही, फक्त ती मुलगी म्हातारी होईपर्यंत दुपारी झोपेतून दचकून उठते आणि खोलीत कोण आहे ते बघते.

मी सहज विचारलं, “मास्तर, इथे मार्था नावाची कुणी आया खरंच होती का हो?”

मास्तरांचा चेहरा शाळा तपासणीला आल्यासारखा झाला. “होती. आहे. चोर निघाली.”

“कशावरून?”

“कशावरून काय? पुरावा तुमच्या काखोटीला हाय की!”

माझ्या काखोटीला कादंबरी होती.

तेव्हा मला सगळी हकीकत कळली. तीन वर्षांपूर्वी कुणा अमेरिकन पाहुण्याने पुस्तकाची एक प्रत मंडळीला भेट दिली. मास्तरांनी ती दर रविवारी उपासनेनंतर मराठीत सांगायला सुरुवात केली. आता हे समजून घ्या, की या मंडळींनी आजवर स्वतःला दुसऱ्याही एका छापील जागी पाहिलेलं आहे. मिशनचा वार्षिक अहवाल. साहेब दर वर्षी अमेरिकेला लिहून पाठवायचे: अमक्या गावी विहीर खणली, अमक्याच्या मुलीने श्रद्धेची साक्ष दिली. नावं खरी, गावं खरी, खाली फोटो. मग साहेबांच्या मुलीने लिहिलेलं पुस्तक म्हणजे काय? शिरूर खरं, बंगला खरा, झाड खरं, मार्था खरी. वाटीच तेवढी खोटी कशी असेल?

चौथं प्रकरण झाल्यावर मंडळीच्या पंचांनी मार्थाबाईंना बोलावलं. उभ्या राहून चूक कबूल करा म्हणाले. बाई म्हणाल्या, वाटी मी पाहिलीसुद्धा नाही. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या नावाने वाटायच्या भाकरीचं ताट बाकाबाकावरून फिरलं, की शेवटच्या बाकावर बसलेल्या मार्थाबाईंच्या पुढून न थांबता जायचं. सहा महिने त्या तशा बसल्या. मग दौंडला भाच्याच्या खोलीवर निघून गेल्या.

“आणि पाचवं प्रकरण?” मी विचारलं.

“त्याच साली डोळ्यात मोतीबिंदू उतरला. पुढं वाचवलं न्हाई.” मास्तर म्हणाले. “पण जे वाचलं ते अक्षरन् अक्षर सांगितलं.”

त्यात मला शंका नव्हती. रात्री पाळकांच्या व्हरांड्यात अंथरुणावर पडून मी झाडाकडे बघत होतो आणि मला उगाच वाटत होतं, की मी कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलो आहे.

दौंड, शनिवार

न्हावऱ्याच्या पुढे टायर बसलं. कंडक्टर म्हणाला, “खाली उतरून ऊन खा.” आम्ही सगळे उसाच्या बांधावर बसून ऊन खाल्लं. एकाने ऊसही खाल्ला, तेव्हा मळेकऱ्याने येऊन त्याला त्याच्या आईची आठवण करून दिली. मग मळेकरीही आमच्यात बसला आणि त्याने सगळ्यांनाच कांडी तोडून दिली. पुण्यात शिव्या देऊन झाल्यावर ऊस मिळत नाही.

दौंड म्हणजे रेल्वे. चाळींना काजळी, माणसांना पाळीच्या वेळा, आणि बोलता बोलता शिट्टी झाली की वाक्य जिथल्या तिथे थांबवून नंतर पुढे न्यायची सगळ्यांना सवय. मार्थाबाईंची खोली रुळांच्या अगदी मागे होती. भाचा मनमाडकडे बदलून गेलेला. कधी रजेवर येतो. एरवी बाई एकट्या.

दार उघडंच होतं. सत्तरी ओलांडलेली, हाडापेराने मोठी बाई चुलीपुढे बसली होती. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. मी साहेबांच्या मुलीचं, त्यांच्या मिसीबाबाचं, पुस्तक मराठीत करतोय म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“बसा दादा. जेवला का?”

भाकरी होती, सुकटीची चटणी होती आणि नाताळातल्या उरलेल्या करंज्या. आमच्याकडे दिवाळीच्या करंज्या तुळशीच्या लग्नापर्यंत टिकतात. मार्थाबाईंच्या करंज्या दुसऱ्या नाताळापर्यंत टिकल्या असत्या. मी पहिली फोडायला घेतली तेव्हा त्या म्हणाल्या, “च्यात बुडवा. न्हाईतर दात हितंच ठिवून जाल.”

मग त्यांनी चौकशी सुरू केली. मी आलो होतो विचारायला, पण उत्तरं मीच देत होतो.

“मिसीबाबा बरी हाय?”

“बऱ्या आहेत. मोठं नाव झालंय.”

“लेकरंबाळं?”

“नाहीत.”

“मालक?”

“दोन झाले. एक वारले, एक सोडून गेले.”

“अगं बया. आन् आता?”

“आता दोन कुत्री आहेत.”

मार्थाबाईंनी भाकरी उलटली. “आन् तुमचं?”

“बायको गेली. मूल नाही.”

“कुत्रं?”

“नाही.”

“मंग करता काय?”

“गोष्टी सांगतो.”

“कुणाला?” त्यांनी विचारलं, आणि तेवढ्यात शिट्टी झाली म्हणून मी वाचलो.

मालगाडी गेली. मग मी वाटीचं विचारलं. त्यांना हसू आलं.

“चांदी? आवो, साहेबाच्या घरात चांदी कुठली? पितळंचा पेला व्हता, त्याला बी पोचा. मी त्यांना म्हनलं, पाह्यजे तर पेला चोरला म्हना, माझी ना न्हाई. पन वाटी न्हाई म्हंजी न्हाई.”

“मग फलाटावरून गेलात, ते?”

हसू थांबलं. त्यांनी तवा खाली उतरवला आणि हात पदराला पुसत राहिल्या.

“साहेबानं सांगितलं व्हतं. झोपली की ऊठ आन् जा. निरोप घेशील तर रडून ताप आनील. आमच्यात बी तसंच की, दादा. लेकरू आजोळी ठिवायचं तर झोपलं की निघायचं, मागं बघायचं न्हाई. मी तिचं डोस्कं उशीवर ठिवलं आन् उठले.”

“आणि शिरूरला परत गेलात.”

“कुठली परत? इंजनाला पानी द्यायचा नळ हाय न्हवं फलाटाच्या टोकाला, त्याच्या खांबामागं उभी ऱ्हायले. म्हनलं गाडी सुटूस्तवर बगावं. तर ती उठली. ‘मार्थाबाय, मार्थाबाय’ म्हनून सगळ्या फलाटावर पळाय लागली. तिला विंग्रजी कुठं येत व्हतं? साहेबाला बी मराठीतच शिव्या देत व्हती. त्यांनी उचलून डब्यात घातली. मी खांब धरून उभी. साहेबाचा शबूद व्हता. गाडी गेली तरी खांब सोडवंना.”

बाहेर कुणीतरी घागर आपटली. मार्थाबाई मला म्हणाल्या, “पुस्तकात वाटी चोरली म्हनून असूं द्या. सोडून गेली म्हनून बी असूं द्या. पन एक ओळ घाला. मी गेले न्हवते. खांबामागं उभी व्हते. तेवढं लिवा.”

मी आयुष्यभर मांडवात उभा राहून कुणालाही काहीही बोलायला लावलं आहे. पण हे काम वेगळं. मी त्यांना समजावलं, की भाषांतर करणारा हमाल असतो. दुसऱ्याची पेटी न्यायची. वाटेत उघडून आपलं काही आत ठेवायचं नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “पेटी उघडू नका. पन हमालाला तोंड असतंय न्हवं? निरोप तर सांगता यील?”

शिरूर, रविवार

पहिल्या गाडीने शिरूरला परत आलो. कादंबरीत ओळ घालणं माझ्या हाती नव्हतं. पण शिरूरमध्ये माझं तोंड चालू शकत होतं. शिवाय मला एक गोष्ट ठाऊक होती जी मंडळीला नव्हती. मी पाचवं प्रकरण वाचलं होतं.

देवळात, म्हणजे मिशनच्या चर्चमध्ये, उपासना झाली. पहिला रविवार, प्रभुभोजनाचं ताट फिरलं. शेवटचा बाक रिकामा होता. तरीही ताट नेणारा माणूस तिथे जरासा घुटमळून वळला. मग पाळक म्हणाले, पुण्याचे पाहुणे दोन शब्द बोलतील.

मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि अगदी गोड आवाजात म्हणालो, “मास्तरांचे डोळे अधू झाल्यामुळे आपल्या साहेबांच्या मुलीचं पुस्तक अर्धवट राहिलं. आज आपण पाचवं प्रकरण ऐकू.” मास्तरांनी मान डोलवली. लोक सरसावून बसले. भिंतीवर पेल्टनसाहेबांचा फोटो होता, मोगऱ्याचा हार घातलेला.

मी सगळे आवाज लावले. पाचव्या प्रकरणात डॉक्टर घरी परत येतो. मुलगी गेलेली. पहिल्यांदा तो बायकोवर ओरडतो. लोकांची चुळबुळ झाली. मग तो संध्याकाळी एकटा याच देवळात येतो, व्यासपीठाची खालची फळी सरकवतो आणि आत लपवलेली ब्रँडीची बाटली काढतो.

देवळातल्या सगळ्या माना व्यासपीठाकडे वळल्या. मीही वळवली.

“आणि तोंडाला लावतो,” मी वाचलं.

“खोटं!” बायकांच्या बाजूने एक म्हातारी ताडकन उठली. देऊळ झाडणाऱ्या रिबेकाबाई. “जलमभर मी त्ये झाडलंय! फळी सरकतच न्हाई! बाटली असती तर मला दिसली नसती व्हय?”

मागून आरडाओरडा सुरू झाला. “साहेबानं थेंब शिवला न्हाई!” “आमच्या आबाचा दारूचा नाद साहेबानंच सोडवला!” एका पंचांनी तर माझ्यावर बोट रोखलं. “पाव्हणं, हे तुमच्या मनाचं हाय!”

मी पुस्तक मास्तरांच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्यांशी नाकाला लागेल इतकं जवळ धरलं. बऱ्याच वेळाने म्हणाले, “आहे. असंच लिहिलंय.”

“मग साहेबांची मुलगी खोटं बोलली म्हणायची का?” मी विचारलं.

“खोटं न्हाई,” रिबेकाबाई म्हणाल्या, “गोष्ट रचली आसंल. एकटीच असती न्हवं तिकडं. मानूस एकटं असलं की रचतंय.”

या बाईंना कुणी समीक्षक म्हणून नेमत नाही हे मराठी वाङ्मयाचं दुर्दैव.

“बाटली रचली,” मी म्हणालो. “मग वाटी?”

बोललो आणि खाली बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मी टाळीची वाट बघितली नाही. रिबेकाबाई उभ्याच होत्या. त्यांनी हळूच शेवटच्या बाकाकडे पाहिलं.

मास्तर उठले. टोपी काढली. “मी चौथ्यातच थांबलो,” ते म्हणाले. “पाचवं वाचायला पाह्यजे होतं. न्हाईतर चौथं सांगायला नको होतं.” एवढं बोलून ते खाली बसायचं विसरले. शेवटी पाळकांनीच त्यांचा दंड धरून बसवलं.

दुपारी पंच बसले. निरोप ठरला: पुढच्या प्रभुभोजनाला मार्थाबाईंनी यावं, पुढच्या बाकावर. घ्यायला मास्तर स्वतः जातील.

दौंड, सोमवार

मी निरोप सांगितला. मार्थाबाई ज्वारी निवडत होत्या.

“बघू,” त्या म्हणाल्या. “गुडगं दुखत्यात.” मग थोड्या वेळाने, “रिबेका उठली म्हनता? ती माझ्याशी बोलत न्हवती.” पुन्हा थोड्या वेळाने, “मास्तरास्नी म्हनावं जेवायच्या टायमाला या.”

पिशवीतली दोन वांगी मी त्यांना दिली. सुरकुतली होती, त्यांनी ती दाबून बघितली आणि ठेवून घेतली. दुपारच्या पुण्याच्या गाडीसाठी त्या मला पोचवायला आल्या. मी नको म्हणालो. पण दौंडमध्ये पाहुण्याला दारातून निरोप देत नाहीत, फलाटापर्यंत येतात.

हॅरिएटबाईंना मी हे सगळं कळवलं आहे. त्या नवं लिहीत असताना टपाल उघडत नाहीत, असं त्यांच्या प्रकाशकाने उलट कळवलं. भाषांतर पुरं झालं. त्यात मी एक शब्दही आपला घातलेला नाही. वाटी चांदीचीच आहे आणि आया निघून गेली आहे. पण हा काही त्या पेटीतला माल नव्हे, हे माझं स्वतःचं प्रवासवर्णन आहे. तेव्हा निरोप सांगतो.

त्या दिवशी गाडी लागली. मी डब्यात चढलो, खिडकीशी बसलो. मार्थाबाई खिडकीच्या गजांना हात लावून म्हणाल्या, “आता जाते मी, दादा. मागं बगू नका.” आणि वळून चालू लागल्या. गर्दीत त्यांचं पांढरं लुगडं दिसेनासं झालं. घरी परतताना मला नेहमी वाटतं तसंच वाटलं, की जणू कुणी पोचवायला आलंच नव्हतं आणि कुणी घ्यायला येणार नाही.

शिट्टी झाली. गाडी हलली. फलाट सरकत सरकत टोकाला आला आणि इंजिनाला पाणी द्यायचा तो नळ दिसू लागला. मी मागे बघितलं.

मार्थाबाई गेल्या नव्हत्या. खांबामागे उभ्या होत्या.